आधी विहिरीला विचारा, मग बँकेला

वाचकाचं पत्र:

"आमची चौदा घरांची वाडी आहे. माणसं ६८, गुरं २२ आणि सगळ्यांत मिळून एक विहीर, तीन मीटर व्यासाची. वाडीमागं धबधबा आहे. कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी अडीचशे-तीनशे माणसं येतात. गाड्या शेतात लावतात, कचरा टाकून जातात, वाडीला पदरात काहीच पडत नाही. मी आणि माझी जाऊ जुन्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्याव्यात अशा विचारात आहोत. धाकटा दीर म्हणतो, कर्ज काढून चार कॉटेज बांधू. त्यातच बाहेरचा एक गुंतवणूकदार वाडीच्या वरची पडीक जमीन तीस वर्षांच्या करारानं मागतोय. बारा कॉटेज, पोहण्याचा तलाव आणि पोरांना नोकऱ्या, असं त्याचं म्हणणं. म्हाताऱ्या माणसांचा सगळ्यालाच विरोध. किती खोल्यांनी सुरुवात करावी? कर्ज काढावं का? कचऱ्याचं काय करायचं? आणि नाव काय ठेवावं?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ विहिरीची आहे. किती खोल्या, किती कर्ज, गुंतवणूकदाराला काय उत्तर द्यायचं, या तिन्ही प्रश्नांचा निकाल तिथंच लागतो. ग्रामीण पर्यटनातले बरेच उद्योग पाहुणे न आल्यामुळं बुडतात असं लोकांना वाटतं. पाहुणे आले, पण उन्हाळ्यात पाणी पुरलं नाही, शेजाऱ्यांशी वाकडं आलं आणि दोन हंगामांत गाशा गुंडाळावा लागला, हेही घडतं. म्हणून खोल्यांचा आकडा मनानं ठरवू नका, पाणी मोजून ठरवा.

मोजणी सोपी आहे. वर्षातला सगळ्यात कोरडा आठवडा निवडा. संध्याकाळी नेहमीचा उपसा झाला की पाण्याची पातळी दोरीनं मोजा आणि सकाळपर्यंत कुणीही पाणी काढायचं नाही असं ठरवा. सकाळी पुन्हा मोजा. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी एक सेंटीमीटर चढलं म्हणजे सुमारे ७० लिटर आलं. समजा दहा तासांत पातळी ४८ सेंटीमीटर वाढली, तर आवक झाली साधारण ३,४०० लिटर, म्हणजे चोवीस तासांची ८,००० च्या आसपास. लागोपाठ तीन रात्री मोजा आणि सरासरी न काढता सगळ्यात कमी आकडा धरा. विहीर भरलेली असताना मोजलंत तर आकडा फसवा येईल. पाणी वर चढलं की झरे मंद होतात, म्हणून मोजणी उपशानंतरच करायची.

आता वाडीचा वाटा आधी बाजूला काढा. ६८ माणसांना माणशी ७० लिटर म्हणजे ४,७६०. गुरांना सरासरी ६० लिटर धरले तर १,३२० (दुभतं जनावर याहून जास्त पितं, तुमच्यात दुभती किती ते बघा). एकूण ६,०८०. ८,००० मधून उरले १,९२०. त्यातला तिसरा हिस्सा हात लावायचा नाही, तो पावसानं ओढ दिली तर लागेल. राहिले १,२८०. पाहुण्याचं आंघोळ, शौचालय, स्वयंपाक, चादरी-टॉवेल धुणं हे सगळं काटकसरीनं १२० लिटरमध्ये बसवता येतं. म्हणजे दहा पाहुणे. आणि हे दहा एकट्या तुमच्या घराचे नाहीत, अख्ख्या वाडीचे. तुमचा खरा आकडा वेगळा निघेल, पण गणित याच वाटेनं करायचं.

दहा हा आकडा ऐकून दीर हिरमुसतील. त्यांना सांगा की शेतावरच्या पर्यटनात चांगला जम बसवलेल्या इटलीतल्या कायद्यातही हाच आकडा आहे. तिथं १९८५ मध्ये या व्यवसायाचा पहिला राष्ट्रीय कायदा झाला. शेती मुख्य आणि पाहुणचार जोडधंदा, ही त्याची अट. २००६ च्या नव्या कायद्यानं शेती मुख्य आहे की नाही हे ठरवताना कामाच्या वेळेचा हिशोब धरायला सांगितलं, आणि पाहुणे दहापर्यंत असतील तर शेतीच मुख्य समजावी अशी सूट दिली. दहा माणसांपर्यंत घर हे घर राहतं. त्यापुढं ते हॉटेल व्हायला लागतं आणि शेताकडं बघायला कुणी उरत नाही.

"पाणी कमी पडलं तर टँकर मागवू" हे वाक्य बैठकीत हमखास येईल. टँकरचं पाणीही कुठल्यातरी विहिरीतूनच येतं आणि त्याचा खर्च नेमका तुमच्या गर्दीच्या महिन्यात वाढतो. टँकरवर चालणारा पाहुणचार सुरूच करू नका.

१२० लिटर पाळायचे कसे, तर शॉवर नको. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर ओततो, बादलीत माणसाची आंघोळ वीस लिटरमध्ये होते. फ्लशची टाकी दोन बटणांची घ्या, तीन आणि सहा लिटरची. जुनी टाकी दर खेपेला दहा लिटर सोडते. चादरी रोज न बदलता पाहुणा बदलला की बदला आणि खोलीत तसं लिहून ठेवा, कुणी वाईट मानत नाही. दर सोमवारी प्रत्येक फ्लशच्या टाकीत थोडा रंग टाकून दहा मिनिटांनी भांड्यात बघा. रंग उतरला असेल तर झडप गळतेय. अशी एक झडप दिवसाला शेकडो लिटर घालवते आणि आवाजही करत नाही.

आता कर्ज. रुपयांत बोललं की प्रत्येक जण आपल्या सोयीचा आकडा धरतो, म्हणून एका खोलीचं जेवणासह एका रात्रीचं भाडं १०० धरा. त्यातून किराणा, गॅस, वीज, धुलाई, साबण, मदतनिसाची मजुरी आणि कुठल्या संकेतस्थळावरून बुकिंग आलं तर त्याचं कमिशन (ते पंधराच्या आसपास किंवा वर असतं) असं सगळं जाऊन ४५ उरले तर ठीक चाललंय समजा. जुन्या घरातली खोली, तिला जोडून न्हाणीघर-शौचालय, छत आणि वायरिंग यांची डागडुजी समजा शंभर रात्रींच्या भाड्याइतकी, म्हणजे १०,००० ला पडली. पाच वर्षांच्या कर्जाचा दहा टक्के व्याजानं वर्षाचा हप्ता २,५५० च्या आसपास येतो. दुरुस्तीचे ६०० धरा. ३,१५० भागिले ४५, म्हणजे वर्षाला ७० रात्री खोली भरली पाहिजे.

नवं कॉटेज पाया-भिंतींपासून बांधलं तर चारशे रात्रींचं भाडं सहज खातं. हप्ता १०,२०० आणि दुरुस्ती १,५०० धरली तर वर्षाला २६० रात्री भरायला हव्यात. वर्षात शनिवार-रविवार मिळून रात्री येतात १०४. सगळेच्या सगळे भरले तरी खोली वर्षातले २८-२९ टक्के दिवसच भरते. २६० गाठायचे तर आठवड्यातल्या पाच रात्री, बारा महिने, न चुकता पाहुणा हवा. दिरांना हे गणित त्यांच्याच हातानं करू द्या, तोंडी सांगून पटत नाही.

म्हणून जुनं घर. शेजारी रिकामी घरं असतील तर तीही. १९७६ च्या भूकंपानंतर इटलीच्या फ्रिउली भागात पुन्हा उभी केलेली पण ओस पडलेली घरं होती. त्यांतून १९८० च्या दशकात 'विखुरलेलं हॉटेल' ही कल्पना निघाली. स्वागतकक्ष एकच, खोल्या मात्र गावातल्या वेगवेगळ्या जुन्या घरांत, नवं बांधकाम जवळजवळ शून्य. तुमच्या वाडीत पाच घरांत एकेक खोली म्हणजे दहा पाहुणे, आणि पाच घरांत पैसा. एका घरात पाच खोल्या झाल्या की तेरा घरं बघत बसतात आणि त्या बघण्याचं पुढं काय होतं ते वाडीत राहणाऱ्याला सांगायला नको.

पाच घरं एकत्र आली की पाळीचा तक्ता लागतो. फोन एकाच माणसाकडं, बुकिंग येईल तसं पुढच्या घराला. भांडण कुठं सुरू होतं? पाहुणा म्हणतो, "मागच्या वेळच्याच काकूंकडं उतरायचंय." त्याला नाही म्हणू नका, तसं बुकिंग त्या घराच्या पाळीत मोजा, म्हणजे पुढची पाळी त्यांना मिळणार नाही. भाडं सगळ्या घरांचं एकच ठेवा. नेपाळमध्ये अन्नपूर्णा परिसरात लॉजवाल्यांच्या समित्या जेवणाखोल्यांचे दर मिळून ठरवतात, त्यामुळं एकानं दर पाडला आणि दुसऱ्यानं त्याच्याखाली नेला असा खेळ आटोक्यात राहतो. दर १०० मागे १० वाडीच्या निधीला, आणि जमाखर्च महिन्याला फळ्यावर लिहायचा. वहीत लिहिलेला हिशोब खरा असला तरी कुणी वाचत नाही, आणि न वाचलेल्या हिशोबावर संशय वाढतो. निधी आधी विहिरीचा गाळ काढण्यावर आणि वाटेवर खर्च करा, म्हणजे ज्यांच्याकडं पाहुणे नाहीत त्यांनाही फरक दिसेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, आम्ही विचारतो: पहाटे उठणार कोण? चार पाहुणे म्हणजे पहिला चहा साडेसहाला, न्याहारी, खोली झाडणं, दुपारचं जेवण, धुणं, संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण आणि नंतरची भांडी. घरच्या कामावर हे पाच-सहा तास जास्तीचे आहेत. ते बहुधा तुम्ही आणि जाऊबाई करणार, आणि पैसे घरात एकत्र जमा होणार. सुरू करायच्या आधीच ठरवा की या तासांची मजुरी वेगळी, तुमच्या दोघींच्या खात्यात, मग उरेल तो नफा. मजुरी न धरता निघालेला नफा खोटा असतो, आणि वर दिलेले ४५ ही मजुरी वजा करूनच आहेत. आठवड्यातून एक दिवस पाहुणे बंद. तो दिवस कुठला ते जाहिरातीतच छापा, नाहीतर तो कधीच मिळत नाही.

सांडपाण्याकडं बहुतेक जण खड्डा भरून वाहिल्यावर बघतात. घरच्या पाच माणसांसाठी बांधलेला खड्डा शनिवारी पंधरा माणसांचा भार घेतो आणि मंगळवारी जवळजवळ रिकामा असतो. असा अचानक लोंढा आला की टाकीत मैला खाली बसायला वेळ मिळत नाही, तो पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो, तिथल्या मातीची छिद्रं बुजतात आणि वर्षभरात अंगणात वास यायला लागतो. म्हणून सेप्टिक टाकी सरासरीवर बांधू नका, सगळ्यात गर्दीच्या दिवसावर बांधा. दहा पाहुण्यांचं रोजचं १,००० लिटर सांडपाणी एकाच टाकीत जाणार असेल तर दोन दिवसांचे २,००० आणि गाळासाठी निदान १,०००, म्हणजे ३,००० लिटरच्या खाली जाऊ नका, आणि यजमान घराची माणसं त्यावर मिळवा. पाहुणे पाच घरांत विभागले तर प्रत्येक घराचा हिशोब त्याच पद्धतीनं. टाकीचे दोन कप्पे हवेत, पहिला दोन तृतीयांश. विहिरीपासून तीस मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. शोषखड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातली भूजलाची पातळी यांत निदान दीड-दोन मीटर अंतर राहिलं पाहिजे. कातळ वर आला असेल तर शोषखड्डा चालणारच नाही, पाणी भेगांतून थेट विहिरीकडं जाईल. न्हाणीघर-शौचालय धुवायला फिनाइल, ब्लीच ओतलं की टाकीतले जीवाणू मरतात. साधा साबण आणि ब्रश पुरतो.

न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी वेगळं काढून खडीच्या वाफ्यात सोडा. साठ सेंटीमीटर खोल खड्डा, तळाला न गळणारं जाड प्लास्टिक, वर धुतलेली खडी, त्यात कर्दळ किंवा बोरू. माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा लागते. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालीच राहिलं पाहिजे, वर दिसलं की डास झाले. हे वाफे बंद पडण्याचं एक मोठं कारण: स्वयंपाकघरातलं तेल. आधी तेल अडवणारी छोटी हौदी बांधा आणि दर आठवड्याला तिच्यावरची साय काढा. वाफ्यातून निघालेलं पाणी झाडांना द्या, पालेभाजीला नको.

पिण्याचं पाणी बाटल्यांतून देऊ नका. दहा पाहुणे, रोज माणशी तीन बाटल्या, १०४ रात्री, म्हणजे वर्षाला ३,१२० रिकाम्या बाटल्या, आणि तुमच्याकडं कचऱ्याची गाडी येत असेल असं पत्रावरून वाटत नाही. अन्नपूर्णा परिसरात वाटेवर शुद्ध पाण्याची केंद्रं काढली ती याच कारणानं. तुम्ही गाळणी बसवा, पाणी क्लोरिननं शुद्ध करा (नळाशी लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावं) आणि महिन्याला जीवाणूंची कुपीचाचणी करा. कुपीतलं पाणी एक-दोन दिवसांत काळं पडलं तर ते दूषित. निकालाची तारीख माठाशेजारी लिहून लावलीत की पाहुणा बाटली मागत नाही.

कचऱ्याचं म्हणाल तर ओला कचरा ही अडचण नाही. खड्ड्यात पालापाचोळा आणि शेणाच्या थरांत तो जिरतो. सुका कचरा पाहुण्यांनी परत न्यायचा, आणि हे आगाऊ रक्कम घेतानाच सांगायचं, आल्यावर सांगितलं तर ते भांडण होतं. ज्याचा विचार कुणीच करत नाही ते म्हणजे लहान मुलांचे डायपर आणि सॅनिटरी पॅड. शौचालयात झाकणाचा डबा आणि कागदी पिशव्या ठेवल्या नाहीत तर ते भांड्यातून टाकीत जाणार, आणि तुंबलेली नळी शनिवारी रात्री तुम्हीच उघडणार. उघड्यावर जाळू नका. झाकणाच्या पिंपात साठवून आठवड्याला जवळच्या शहराच्या कचरा यंत्रणेकडं पोचवा. त्याचा खर्च भाड्यात धरा.

आता धबधबा. तिथं एका दिवशी किती माणसं सोसतील हे काढायची एक रीत मिगेल सिफुएंतेस या अभ्यासकांनी १९९२ मध्ये मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकात मांडली. जागेत मावणारी माणसं मोजायची, मग अडचणींनी ती कमी करायची, मग तुमच्या हाताखालच्या माणसांनी आणखी कमी करायची. समजा पायवाट ६०० मीटर. दहा जणांचा गट दहा मीटर जागा घेतो, दोन गटांत पन्नास मीटर अंतर, म्हणजे एका वेळी दहा गट, शंभर माणसं. जाऊन-येऊन दोन तास, वाट आठ तास उघडी, म्हणजे दिवसाला ४००. वाटेचा तिसरा हिस्सा निसरडा, राहिले दोन तृतीयांश. संध्याकाळचे दोन तास पाणी अचानक वाढण्याच्या भीतीनं बंद, राहिले पाऊण. माती धुपतेय म्हणून आणखी वीस टक्के कमी. आकडा आला १६० च्या जवळ. आता राखायला सहा माणसं हवीत आणि तुमच्याकडं तीन, म्हणून त्याचेही निम्मे: ८०. सध्या तीनशे येतात.

आकडा कळला म्हणून गर्दी थांबत नाही, ती अडवायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे गाडीतळ. वीस गाड्यांचा तळ, गाडीत चार माणसं, झाले ८०. तळ वाडीच्या अलीकडं, तुमच्यापैकी कुणाच्या जागेत, शुल्क घेऊन, आणि भरला की भरला. जपानमधल्या शिराकावा-गो या गावात हिवाळ्यातल्या दिव्यांच्या सोहळ्याला इतकी गर्दी व्हायला लागली की २०१९ पासून आगाऊ नोंदणीशिवाय प्रवेशच बंद केला. तुम्हीही नोंदणी ठेवा, आणि व्हिडिओ बघून येणाऱ्याला नकाशावरच "नोंदणी लागते" हे दिसू द्या. धबधबा आणि रस्ता तुमच्या मालकीचे नसणार, तेव्हा ज्या यंत्रणेची जमीन आहे तिची लेखी संमती घेतल्याशिवाय दोरी बांधू नका. शेतात गाड्या लावणं मात्र उद्यापासून बंद करता येईल, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हाताऱ्या माणसांच्या विरोधाला हटवादीपणा म्हणू नका. पर्यटनाचे अभ्यासक जॉर्ज डॉक्सी यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं की गावाची भावना आधी आनंद, मग उदासीनता, मग चीड आणि शेवटी उघड वैर अशी बदलत जाते. तुमची वाडी पाहुणचार सुरू व्हायच्या आधीच तिसऱ्या पायरीवर आहे. गाडीतळ आधी आणि खोल्या नंतर, एवढा क्रम पाळलात तरी विरोध बराच निवळेल.

गुंतवणूकदाराचा तलाव बघा. आठ मीटर लांब, चार रुंद, सव्वा मीटरला थोडा कमी, म्हणजे १.२ मीटर खोल धरला तर ३८,४०० लिटर. तुमच्या ६८ माणसांचं आठ दिवसांचं पाणी, आणि उन्हानं रोज उडणारं, गाळणी धुवायला लागणारं वेगळं. बारा कॉटेजमध्ये चोवीस पाहुणे, त्यांना शॉवर आणि हिरवळीसकट दोनशे लिटर धरले तर ४,८००, म्हणजे वाडीतली सगळी माणसं दिवसाला जेवढं वापरतात तेवढं. जमीन वाडीच्या वर आहे असं तुम्ही लिहिलंत. वर बोअर मारली की खालच्या विहिरीचे झरे कमी होऊ शकतात, आणि वरचं सांडपाणी उतरतं खालीच. पोरांच्या नोकऱ्या बहुधा पहारा आणि सफाईच्या असतील, तशा त्यानं लेखी दिल्या असतील तर आम्ही शब्द मागं घेऊ.

शिराकावा-गोमधल्या 'ओगिमाची' नावाच्या वस्तीनं १९७१ मध्ये आपल्या जुन्या घरं-जमिनींसाठी तीन नियम केले: विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९९५ मध्ये ती घरं जागतिक वारसा ठरली. तुम्ही इतकं कडक राहावं असा आमचा आग्रह नाही. पण करार करायचाच झाला तर तीस वर्षं नको, पाच वर्षं आणि पुढं संमतीनं वाढ. वाडीचा हिस्सा नफ्यावर घेऊ नका, एकूण विक्रीवर घ्या, कारण नफा कागदावर शून्य दाखवता येतो आणि विक्री लपवणं त्यापेक्षा अवघड असतं. पाण्याची रोजची कमाल मर्यादा मीटरसकट करारात हवी. करार तिसऱ्याला विकता येणार नाही आणि काम सोडून गेला तर जमीन पूर्ववत करायची अनामत वाडीकडं राहील, ही दोन कलमंही. वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय अंगठा नको. या अटी ऐकून तो निघून गेला, तर तुमचा निर्णय फुकटात झाला.

सुरुवात दोन खोल्यांनीच करा, चार पाहुणे, पहिला महिना ओळखीतून आलेल्यांनाच. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. फोटोत शौचालय दाखवा, पायऱ्या दाखवा, मोबाइलला रेंज नसेल तर तेही लिहा. न सांगितलेली गैरसोय तक्रार होते, सांगितलेली बहुतेक वेळा खपून जाते. गॅसचा गीझर न्हाणीघरात अजिबात बसवू नका, बाहेरच्या भिंतीवर उघड्या हवेत बसवा. बंद न्हाणीघरात त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस हाक न मारता पडतो. अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या दवाखान्यापर्यंत नेणारी एक ठरलेली गाडी हे पहिल्या पाहुण्याआधी हवं. परवान्यांची चौकशी स्थानिक कार्यालयात लेखी करा आणि उत्तरही लेखीच मागा.

नावाचं विचारलंत. धबधब्याचं नाव देऊ नका. ते शोधणारा एका दिवसाचा पाहुणा असतो, त्याला खोली नको असते, आणि धबधबा आटलेल्या महिन्यांत आलेला माणूस फसवलं म्हणून लिहून जातो. घराला लोक आधीपासून ज्या नावानं ओळखतात ते ठेवा, आणि ते नाव दुसऱ्या कुणाच्या जागेचं नाही ना, हे पाटी रंगवायच्या आधी नकाशावर शोधून बघा.